पाच दिवस, सहा दिवसांचे जव

पाच दिवसांच्या ट्रेकचं नियोजन म्हणजे मुळात एक यादी. माणसं किती, तंबू किती, खेचरं किती, अंडी किती. पेरूतल्या वारासमध्ये आमचं ऑफिस कोंबडी भाजणाऱ्या एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे मी केलेल्या प्रत्येक यादीला भाजलेल्या कोंबडीचा वास येतो. बाकी चूक तिच्यात सापडत नाही. चार वर्षं मी हेच करतोय.

जूनच्या त्या गटात पाच जण होते. पाचही बेल्जियमचे निवृत्त दंतवैद्य. रविवारी संध्याकाळी लिमाहून बसने येणार, सोमवारी चढायला लागणार, बुधवारी इचिक पुंताची खिंड ओलांडणार आणि शुक्रवारी दुपारी पलीकडच्या दरीतून बाहेर पडणार. माझं लग्न शनिवारी सकाळी अकराला होतं.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवा," मी मालकीणबाईंना म्हणालो.

"दुसरा आहे कोण? दोघं परीक्षेला बसलेत, एकाचा पाय प्लास्टरमध्ये." नीमियाबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "शुक्रवारी येतोयस ना? शनिवारी लग्न. मध्ये अख्खी रात्र आहे दाढी करायला."

नीमियाबाई आमच्या लग्नात बँडच्या धर्ममाता होत्या. आमच्याकडे लग्नात एक जण केकचा धर्मपिता असतो, एक अंगठ्यांचा, एक बिअरचा; ज्याचा त्याने खर्च उचलायचा. बँडच्या धर्ममातेशी भांडलं तर लग्न मुकाट्याने करावं लागतं. मी यादी करायला बसलो.

पहिला फोन मेलेसिओ शुआनना. कोयापंपा गावचे खेचरवाले, वय साठच्या पुढे. त्यांना सगळे ताइता, म्हणजे बाबा, म्हणतात.

"ताइता, तीन खेचरं. पाच दिवस."

"बरं. सहा दिवसांचे जव घेतो."

"पाच दिवस म्हणालो मी."

"ऐकू येतंय मला, पोरा. माणसं पाच दिवस चालतात. खेचरं सहा दिवस खातात."

मला वाटलं, म्हातारा जास्तीचं पोतं काढतोय. मग उबाल्दिना मावशीची यादी आली. मावशी आमची स्वयंपाकीण. तिच्या हातचं सूप पिऊन माणसं देवाचं नाव घेतात, तेही पाच हजार मीटरवर. यादीत पाच दिवसांचं सगळं नीट होतं. खाली वेगळी ओळ होती: उकडलेला मका आणि बटाटे, आठ माणसांचे, बिनमिठाचे.

"मावशी, हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"कोणत्या दिवशी?"

"त्या दिवशी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी वैतागलो. एक तर हे दोघं मिळून माझी टिंगल करत होते, नाहीतर ज्या गोष्टीवर चार वर्षं माझं पोट चाललंय ती मोजता येण्यासारखी नव्हती. मंगळवारी मी व्हॅन पकडून पलीकडच्या दरीच्या तोंडाशी असलेल्या चौकीवर गेलो. तिथला रखवालदार ग्लिसेरिओ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेतो. बाकीचा वेळ तो रेडिओवर फुटबॉल ऐकतो आणि हरलेल्या संघाला शिव्या देतो. अलीकडच्या वाटेने आत गेलेल्यांची नावं त्याला वायरलेसवर कळतात. त्याची वही मी मागची तीन वर्षं चाळली.

इचिक पुंतावरून आलेला प्रत्येक गट सोमवारी आत गेला होता आणि शनिवारी बाहेर पडला होता. मंगळवारी गेलेला रविवारी. एकही अपवाद नाही. चार ठिकाणी शनिवारसमोर सही होती, ती माझीच. माझी सही मला ओळखता येते, कारण ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.

"हे सहा दिवस होतात," मी म्हणालो.

"हो की."

"ट्रेक पाच दिवसांचा आहे!"

"मग लवकर चालत जा," ग्लिसेरिओ म्हणाला.

आता मला गेल्या ऑगस्टची गोष्ट सांगावी लागेल. मार्लेनीला मागणी घालायला मी तिच्या घरी जाणार होतो. शनिवारी दुपारी. तिच्या वडिलांनी बारा गिनीपिग भाजले होते, काका-मामा जमले होते. मी इचिक पुंतावरून शुक्रवारी उतरलो, झोपलो, शनिवारी फुलं घेऊन दारात उभा राहिलो. दार उघडून तिचे वडील म्हणाले, "आज रविवार आहे." गिनीपिग संपले होते. मी पिऊन पडलो होतो असंच सगळ्यांनी धरून चाललं, आणि दुसरं काही सुचत नसल्यामुळे शेवटी मीही धरून चाललो.

मार्लेनीने तेव्हा मला एकदा माफ केलं होतं. या वेळी तिने आधीच बजावलं, बाजारात, दोन टोपल्यांच्या मधून.

"शनिवारी अकराला तू चर्चमध्ये नसलास, तर साडेअकराला मी पण नसेन."

"असेन गं."

"मला नको सांगूस. तुझ्या त्या डोंगराला सांग."

मी नीमियाबाईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिली.

"म्हणून तर मी गिऱ्हाइकांना सांगते, परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. डोंगरात होतं तसं."

"काय होतं?"

"तसं. खिंड बदलायची म्हणशील तर चालणार नाही. दंतवैद्यांनी तिचाच फोटो पाहिलाय."

वाट तीच, माणसं तीच, तारीख तीच. बदलता येण्यासारखं माझ्या यादीत काहीच उरलं नाही. रविवारी सकाळी मी कोयापंपाला जाऊन मेलेसिओ ताइतांच्या अंगणात बसलो. ते खोगिराचे पट्टे शिवत होते. उबाल्दिना मावशी भिंतीला टेकून मका निवडत होती.

"सहाव्या दिवशी काय होतं, ताइता?"

"मला काय ठाऊक? मीही तिथेच असतो. खेचराला विचार."

"मग जव कशाला नेता?"

"पहिल्या वर्षी नेले नव्हते. खेचरांनी माझी टोपी खाल्ली."

मी मावशीकडे वळलो. ती दाणे चाळता चाळताच म्हणाली,

"खिंडीत धुकं येतं. आपण टेकायला बसतो, दहा मिनिटं. तिथले लोक जेवायला बसवतात. ते मीठ खात नाहीत. पाहुण्याने यजमान खातो तसंच खावं. जेवण झालं की सोडतात." तिने एक काळा दाणा फेकून दिला. "माझी आई सांगायची, भांडी रिकामी परत आली म्हणजे सगळं ठीक आहे."

"आणि मीठ घातलं तर?"

मेलेसिओ ताइतांनी सुई थांबवली.

"असले प्रश्न शहरात विचार," ते म्हणाले.

मला वाटतं, इतका त्रास झाल्यावर कुणीही तेच केलं असतं. मला डोंगराशी वैर नव्हतं. मला फक्त शनिवार हवा होता. सोमवारी निघताना मी जाकिटाच्या खिशात अर्धा किलो मीठ घातलं.

दंतवैद्य चांगले चालले. माझ्या हसण्याकडे ते पाचही जण काळजीने पाहायचे, पण बोलले नाहीत. बुधवारी सव्वाबाराला आम्ही खिंडीत पोचलो. मावशी आणि ताइता खेचरांचं ओझं आवळायला गेले, तेवढ्यात मी मक्याच्या डब्याचं झाकण काढून सगळं मीठ आत ओतलं आणि डबा हलवला.

मग धुकं आलं. पांढरं, दाट, ओल्या लोकरीच्या वासाचं. आम्ही सपाट दगडांवर बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातात मका-बटाटे दिले. मी एक घास खाल्ला. जीभ पोळावी इतका खारट होता. दंतवैद्यांपैकी एकाने तोंड वाकडं केलं. कुठेतरी, अगदी जवळ, कुणीतरी थुंकलं.

आमच्यातलं कुणीच थुंकलं नव्हतं.

"चला," मी म्हणालो. "उठा, उठा."

आम्ही उतरायला लागलो. मी माणसं मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठ. घड्याळात पावणेएक, वार बुधवार.

मागे धुक्यात भांड्यांवर चमचे वाजत होते. बराच वेळ वाजत राहिले.

शुक्रवारी दुपारी दोनला आम्ही दरीच्या तोंडाशी होतो. चौकीला कुलूप होतं, ग्लिसेरिओ मॅच बघायला गेला असणार. सही राहिली. मला त्याचं काय! मी रस्त्यावरच्या दुकानदाराला तीनदा वार विचारला. तिसऱ्यांदा तो चिडला, पण तिन्ही वेळा शुक्रवारच म्हणाला.

मेलेसिओ ताइता जवाचं पोतं चाचपत होते.

"बघा," मी म्हणालो, "एका दिवसाचे जव वाचले ना?"

"एका दिवसाचे नाही. खिंडीपासून पुढचे सगळे." त्यांनी खेचराच्या मानेवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "परवापासून एकानेही तोंड लावलेलं नाही."

शनिवारी पावणेअकराला मी चर्चमध्ये होतो. मार्लेनी आली, मला पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. रडल्यामुळे लाल झालेला नाकाचा शेंडा पुसत ती म्हणाली, "आलास की रे, गाढवा." माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं प्रेमाने काही म्हटलेलं नाही.

दोन वाजता तिच्या वडिलांच्या अंगणात बँड वाजत होता. माझ्यापुढे ताट होतं: गिनीपिग, बटाटे, मिरचीची चटणी. नीमियाबाई नाचत-नाचतच माझ्यापाशी आल्या.

"चौकीवर सही केली नाहीस? सोमवारी शोधपथक निघेल, आणि माझं नाव खराब होईल. ग्लिसेरिओला फोन कर. आत्ता."

"माझं लग्न चाललंय, बाई."

"बँड वाजतोय तो कुणाचा?"

मी भिंतीपाशी जाऊन फोन लावला.

"ग्लिसेरिओ, कालची सही राहिलीय आमची. आठ जण. लिहून टाक."

"काय लिहू? आत्ताच तर केल्यास की सह्या."

"कुणी?"

"थट्टा करतोस होय रे? बाहेर बसलायस तू. पाचही म्हातारे बूट काढून बसलेत. मावशी डबे घासतेय, ताइता खेचरांना—" तो थांबला. मला फोनमधून खेचरांच्या चघळण्याचा आवाज आला. "मग हे कोण बोलतंय?"

अंगणाच्या पलीकडे उबाल्दिना मावशी सूप वाढत होती. तिची पळी हवेत थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती.

फोन कुणीतरी ग्लिसेरिओच्या हातातून घेतला.

"हॅलो?" आवाज दमलेला होता. पाच-सहा दिवस उन्हात आणि गारठ्यात चालल्यावर माझा घसा असाच बसतो. "हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. वारासमध्ये असाल तर माझं एवढं काम करा. चर्चजवळ मार्लेनी असेल. तिला सांगा, माझी यादी बरोबर होती. मी मुद्दाम नाही केलं. पुढच्या व्हॅनने निघतोय. तिला म्हणावं, थांब."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"ऐकताय ना?" तो म्हणाला. मग हळूच, "थांबली असेल का हो ती?"

मी फोन बंद केला.

परत येऊन बसलो. समोरचं ताट जसंच्या तसं होतं. बुधवारच्या त्या एका घासानंतर आपण काहीच खाल्लेलं नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं. भूकही नव्हती.

"कोण होतं?" मार्लेनीने विचारलं.

"एक जण. यायला उशीर होईल म्हणत होता."

"फार लांबून येतोय का?"

"हो."

तिने माझं ताट स्वतःकडे ओढलं, खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्यावर नीट पसरला.

"मग हेच झाकून ठेवते त्याच्यासाठी," ती म्हणाली. "तू काही खात नाहीयेस."