अमाइन कुठं गेलं?

"चोर मी सांगतो, पुरावा तुम्ही द्या," खुर्चीत टेकायच्या आधीच भूपेंद्रजी म्हणाले. "आज संध्याकाळी पोलिसात तक्रार देणार हाय."

कोकिळा चाफलेनं चहा पुढे सरकवला. वर्ध्यात खासगी तपास करणाऱ्या या बाईला तयार चोर घेऊन येणाऱ्यांची भारी गंमत वाटे.

भूपेंद्रजी देवळीजवळच्या एका कारखान्याचे मॅनेजर. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणारा उंच टॉवर तिथं होता. आत अमाइन नावाचं द्रावण फिरे. ते वायू शोषी, तापवलं की सोडून देई, आणि पुन्हा कामाला लागे. म्हणजे फारसं संपायला नको. पण होळीपासून ते दुप्पट लागत होतं.

"स्टोअरची चावी स्टोअरकीपर अश्वजितकडे. अजून कोण चोरणार?"

"बरोबर हाय," कोकिळेचा दीर ओमप्रकाश म्हणाला. तो तिची गाडी चालवी आणि न मागता मतही देई.

"भाऊजी, गाडी काढा," कोकिळा म्हणाली.

कारखान्याच्या गेटबाहेर चहावाले नत्थूजी पाणी भरायचा तांब्याचा गुंड चिंचेनं घासत बसले होते. "काल घासला, आज पुन्हा निळा! होळीपासून हेच. अन् वास कसा, तर कल्हईवाला बसल्यावानी."

कोकिळेनं वर पाहिलं. टॉवरचा पांढरट धूर टपरीवरूनच जात होता. स्टोअर पार दुसऱ्या टोकाला होतं.

स्टोअरमध्ये गाठलं तेव्हा अश्वजित बसला नाही. "ड्रम मी सीलबंद देतो, मॅडम. सील टॉवरपाशी चंदनभाऊ तोडते अन् थेच आत ओतते. मी काढीन कुठून?" आवाज चढला नाही. कोकिळेला त्याची दया आली.

बॉयलर सांभाळणाऱ्या चंदननं ते कबूल केलं. "तुटलेलं सील कधी भेटलं नाई."

"अमाइन वरून उडून जात असंल?" कोकिळेनं विचारलं.

"वर पाण्याचा फवारा हाय. वाफ धुतली जाते."

"बॉयलरमध्ये काय जाळता?"

"कोळसा. होळीपासून संगं पऱ्हाटी, कपाशीच्या काड्या. धूर कापडी पिशव्यांतून गाळून मंग टॉवरात जाते."

"पऱ्हाटीच्या राखेनं पिशव्या चोंदत असतीन."

"नाई ना! चोंदल्या तर दाब चढते, पण काटा जागचा हालत नाई."

"याले म्हणते देखभाल," ओमप्रकाश खूश झाला. कोकिळा मात्र काट्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं तिनं सगळ्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं.

"चोरी झालीच नाई. सील शाबूत होतं, म्हणजे अमाइन टॉवरात पोचलं. तिथून ते हवेत गेलं. अमाइननं तांबं निळं पडते, म्हणून नत्थूजींचा गुंड निळा, अन् कल्हईच्या नवसागरावानी वास बी त्याचाच."

"पण वाफ तर धुतली जाते!" भूपेंद्रजी म्हणाले.

"वाफ जाते, धुकं नाई. राखेच्या बारीक कणाभोवती टॉवरात अमाइन जमते. इतका बारका थेंब फवाऱ्याच्या हाती लागत नाई, धुरासंगं निसटते."

"राख तर पिशव्या अडवते ना, वहिनी?"

"धूर त्यातून गेला तर, भाऊजी. पऱ्हाटी जाळूनही काटा हालत नाई, म्हणजे पिशव्यांतून काही जातच नाई. पिशव्या टाळून धूर नेणारी बगलेची झडप उघडी हाय. हो ना, चंदनभाऊ?"

चंदननं मान खाली घातली. "खोटं बोललो. पिशव्या चोंदल्या का बॉयलर बंद पडे. साहेब म्हणे, काही कर, बॉयलर थांबला नाई पाहिजे. पण त्यानं अमाइन जाते, हे मले ठाऊक नव्हतं."

भूपेंद्रजी लालबुंद झाले. "झडप आत्ता बंद कर. पिशव्या नव्या आणू. चला, मिटलं."

"मिटलं नाई, साहेब," अश्वजित दारातून म्हणाला. "काल गेटवर तुमी माझा डबा उघडून पाह्यला. पुऱ्या शिफ्टसमोर. आता शिफ्ट सुटून राह्यली. तिथं चला, अन् चौघात सांगा."

"इथं सांगितलं तर नाई चालणार?"

"डबा इथं उघडला नव्हता," कोकिळा म्हणाली.

भोंगा वाजला. भूपेंद्रजी उठले आणि अश्वजितच्या मागोमाग गेटकडे चालू लागले.