एडनला नेलेल्या विष्णूचं पान

तुम्ही त्याला नेलंत.

बोटीत घातलंत, एडनच्या तुरुंगात टाकलंत आणि विसरलात. सुटला म्हणून कळवलं नाहीत, मेला म्हणूनही कळवलं नाहीत. राज्य गुंडाळून विलायतेला निघून गेलात, तेव्हाही तोंड उघडलं नाहीत. म्हणून हे सगळं झालं. दोष तुमचा आहे.

घडलंय ते खरं आहे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी.

गिरिजा त्या दिवशी पहाटेपासून ओट्याशी उभी होती. एकीकडे खीर, एकीकडे वडे, कुकरशेजारी लॅपटॉप उघडा, मीटिंग म्यूटवर. नवरा सुशांत म्हणाला, "मी हाफ डे टाकलाय ना," आणि सोफ्यावर बसला.

सासरे अरुणराव पेणहून सहा महिन्यांसाठी आले होते. श्राद्ध घालायचं त्यांनी, पण राबायचं हिने. पाय नुसते भरून आले होते.

"गिरिजा, एक पान जास्त वाढ हो," अरुणराव म्हणाले. "विष्णू आजोबांचं."

विष्णू म्हणजे त्यांचे सख्खे आजोबा. पेणजवळ मिठागरात कामाला होते. नाक्यावरचा शिपाई बायकांशी वाह्यात बोलला, म्हणून विष्णूने त्याला चिखलात लोळवलं. एवढाच गुन्हा. खटला झाला आणि माणूस थेट समुद्रापार. तेव्हा एडनचा कारभार मुंबईतूनच चालायचा. पुढे काहीच कळलं नाही. बायको मरेपर्यंत कुंकू लावत होती.

मेल्याची बातमी नाही, मग श्राद्ध कसं घालणार? म्हणून त्या घरात एक रीत पडली. सर्वपित्रीला बाकीच्या पितरांना तर्पण. विष्णूचं नाव मात्र घ्यायचं नाही. त्याचं पान जिवंतांच्या पंगतीत वाढायचं, पाणी ठेवायचं, आणि तिथे कुणी बसायचं नाही.

गिरिजाने टेबलाकडे पाहिलं. खुर्च्या चार, पाचवी नव्हतीच. सुशांत, ती, अरुणराव आणि सात वर्षांची आन्या.

"बाबा, शंभर वर्षं होऊन गेली," ती म्हणाली. "आता ते कुठून जिवंत असणार? मी पहाटेपासून उभीच आहे. घ्या ना त्यांचंही नाव आज."

"अगं, पण..."

"बाबा, तिचं बरोबर आहे," सुशांत म्हणाला. "किती वर्षं ओढणार हे?"

अरुणरावही थकले होते. "बरं," एवढंच म्हणाले.

गुरुजी व्हिडिओ कॉलवर. पुण्यात रात्र झालेली, त्यांनी जांभई दिली. "बातमी नसलेल्याचा आधी वेगळा विधी असतो हो," ते म्हणाले. "पण तुम्ही पडलात परदेशात. घ्या नाव."

अरुणरावांनी ओंजळीत तीळ घातलेलं पाणी घेतलं. वडिलांचं नाव घेतलं. पाणी ताम्हणात पडलं.

पणजोबांचं नाव घेतलं. पाणी पडलं.

मग विष्णूचं नाव घेतलं...

काहीच पडलं नाही.

ओंजळ कोरडी होती. तळव्याला नुसते तीळ चिकटलेले.

"सांडलं असेल खाली," सुशांत म्हणाला. गिरिजाने फरशीवरून हात फिरवला. फरशीही कोरडी.

तिने पानं वाढली. ग्लास भरले. हाक मारायला वळली आणि परत आली, तर...

चारही ग्लास रिकामे.

"आन्या, मस्करी करू नकोस हं."

"आय डिडन्ट डू इट, आई. माझी बॉटल पण एम्प्टी झाली."

मागचा सिंकचा नळ टपकायचा. महिनाभर सुशांत म्हणत होता, बघतो, बघतो. तो नळही थांबला होता.

"बाबा, बसा ना जेवायला."

अरुणराव बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे होते. मान खाली. दोन्ही मनगटं पुढे, एकमेकांवर ठेवलेली...

जणू बांधलेली.

"बाबा, काय होतंय? बसा."

"हुकूम नाही."

आवाज त्यांचाच होता. फक्त फार थकलेला. माणूस वर्षानुवर्षं दगड वाहतो, तसा.

सुशांतने त्यांचा दंड धरला. "बाबा, यार, घाबरवू नका."

"पाणी मिळेल?" अरुणराव म्हणाले. नजर गिरिजाकडे. "विचारून घेतोय, बाईसाहेब."

ही सगळी तिच्याच हट्टाची करणी. सासरा हातचा जाणार, एवढंच तिला कळलं. तिने स्वतःचं पान पुढे सरकवलं, ग्लास पुसला, फ्रिजमधल्या बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी त्यात ओतलं आणि आपल्या खुर्चीपासून लांब झाली.

"विष्णू आजोबा," ती म्हणाली, "तुमचं पान जिवंतांतच आहे. चुकलं माझं. बसा."

खुर्ची हलली नाही. काही दिसलं नाही.

ग्लासातलं पाणी मात्र हळूहळू खाली गेलं. घोट घोट...

तळ दिसला, तशी अरुणरावांची मनगटं सुटली. ते खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "सुशांत, मला घाम का आलाय रे?"

मागे नळ टपकायला लागला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मेंदूत काही नाही. वय झालंय, म्हणाले. अरुणरावांना त्या दुपारचं काही आठवत नाही. ते आता जेवतात, हसतात, आन्याला पत्ते शिकवतात.

पण घराबाहेर पडताना उंबऱ्याशी थांबतात. दार सताड उघडं असतं, तरी थांबतात. गिरिजा "चला बाबा" म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाहीत.

आणि कधी कधी, तिच्याकडे न बघता, त्याच थकलेल्या आवाजात विचारतात...

"किती राहिली?"

"काय किती राहिली, बाबा?"

"शिक्षा."

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. ज्यांनी शिक्षा ठोठावली, त्यांनीच सांगायचं.

सांगा. किती राहिली?