पॉसमचा ताप आणि साडेचारचा चहा

"अहो, तो माझा चहा आहे," मी म्हणाले.

"हो का? तरीच एवढा गोड लागून राहिला..." असं म्हणत त्यानं अर्धा संपवलेला कप माझ्यापुढे धरला.

शनिवार पेठेतल्या अमृततुल्यात, भर गर्दीत, कुणा परक्याचं उष्टं? आमच्या घरी बाबा आईचंही उष्टं खात नाहीत. तरी मी तो कप घेतला. का घेतला, ते आजही मला सांगता येत नाही.

तो शुभंकर, यवतमाळचा. पुढच्याच सोमवारी तो आमच्या विषाणू प्रयोगशाळेत रुजू झाला आणि रोज साडेचारला एक चहा दोघांत सुरू झाला. प्रेम वगैरे शब्द कुणीच काढला नव्हता. मध्ये एकदा मला सर्दी झाली, म्हणून मी कप देईना, तर त्यानं तो चक्क ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाहून नमुन्यांच्या नळ्यांचं खोकं आलं. तिथल्या जंगलात पॉसम पटापट मरत होते. पॉसम म्हणजे मांजराएवढा, पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी. तो कुठल्या विषाणूनं मरतोय, ते जनुकांवरून ओळखायचं काम आमचं. नळीतला विषाणू आधीच मारलेला असतो, तशी निळी खूण असते. एका नळीवर ती नव्हती... आणि नेमकी तीच शुभंकरच्या हातात तडकली. दोन हातमोज्यांच्या आत बोटावर रक्ताचा ठिपका दिसला.

त्याला काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला.

"घाबरून राहिली का?" त्यानं आतून फोनवर विचारलं.

"मला काय धाड भरलीये?"

"मग नाक काहून ओढून राहिली?"

"सर्दीनं. तू झोप."

"सुरुची... आईला इतक्यात कळवू नको."

मी मान डोलावली आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

मग जनुकं वाचणाऱ्या यंत्रात चार नमुने घातले. पॉसमचा, शुभंकरच्या रक्ताचा, त्याच्या नाकातला स्वॅब आणि माझ्याही नाकातला. नमुने हाताळणाऱ्याचा स्वॅब घालायचाच, हा आमचा नियम. नाहीतर माणसाचा विषाणू पॉसमच्या नावावर खपतो. यंत्राला बावीस तास लागतात. त्या बावीस तासांत मी काय खाल्लं, कुणाशी बोलले, काही आठवत नाही.

शनिवारी सकाळी आमच्या प्रमुख, मंदाकिनी मॅडम, माझ्या शेजारी येऊन बसल्या. आधी पॉसमचा विषाणू दिसला. कुठल्याच यादीत नसलेला, नवा. मग शुभंकरचा स्वॅब... त्यातही विषाणू होता. मी डोळेच मिटून घेतले.

"उघड डोळे. हा वेगळा आहे," मॅडम म्हणाल्या. "साधा सर्दीचा. रक्तात तर काहीच नाही."

मी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं.

"पण चौथ्या नमुन्याशी अक्षरन् अक्षर जुळतोय. चौथा कुणाचा?"

"माझा."

"इथे तर दोघंही मास्कमध्ये असता. मग तुझी सर्दी त्याच्याकडे गेली कशी?"

"आम्ही एकमेकांचं उष्टं पितो, मॅडम. माझं... माझं प्रेम आहे त्याच्यावर."

मॅडमनी चष्मा नीट केला. "अहवालात पहिलं वाक्य पुरे."

मी धावतच काचेपाशी गेले आणि फोन लावला. "माझी सर्दी झालीये तुला. पॉसमचं काही नाही."

तो खाटेवर बसला. मग बाहीनं डोळे पुसले. "लई भेव वाटून राहिलं होतं गं."

"मलाही. आणि मॅडमना सांगून बसले मी."

"काय?"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, ते."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना सांगशील."

"आता तुलाही सांगितलं."

तो हसला आणि लगेच शिंकला. "बाहेर कधी सोडतील?"

"अजून चौदा दिवस. खबरदारी म्हणून."

"मग पंधराव्या दिवशी साडेचारला. दोन चहा सांगू?"

"एकच सांग," मी म्हणाले.