चौथी पुरचुंडी

जानेवारीत तिकिटं काढली तेव्हापासून गोंदियाजवळच्या मुर्री गावात पटल्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाजी कोणती करायची इथून बोलणं सुरू झालं तरी तिसऱ्या वाक्याला ते ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन पोचायचं. डिंपल पटले आठ वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत होती. भूमध्यसागरी हवामानाचा धडा तिला तोंडपाठ होता: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, लिंबू, द्राक्षं, ऑलिव्ह. फळ्यावर तो समुद्र तिने इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटूनही ते बेट नेमक्या जागी टेकवता आलं असतं. आता मे महिन्यात ती त्याच्या काठावर उभी राहणार होती.

"गोवा काऊन नाई?" असं अख्ख्या मुर्रीने विचारून झालं होतं. तिचा नवरा इंद्रकुमार, ज्याचं गोंदियाच्या बाजारात पंप-मोटारींचं दुकान होतं, त्याचं उत्तर ठरलेलं असे. "गोव्याले तं कोनीबी जाते, भाऊ." मोटार जळाली म्हणून रडत आलेल्या गिऱ्हाइकालाही फोनमधला निळा समुद्र दाखवल्याशिवाय तो सोडत नसे. नऊ वर्षांची टीना पोहण्याचा चष्मा लावूनच वरणभात खाई.

पण सगळ्यांत मोठी हौस होती देवकाबाईंची, डिंपलच्या सासूची. सदुसष्ट वर्षांत त्यांनी नागपूरच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. टीना तीन महिन्यांची असताना डिंपलची बी.एड.ची परीक्षा नागपूरला होती, तेव्हा केंद्राबाहेर कडुलिंबाखाली नातीला मांडीवर घेऊन त्या सहा दिवस बसल्या होत्या. शेवटच्या दिवशी परतताना म्हणाल्या, "अठून समुदर किती दूर हाये वो? पाय दुखले, भिजवले असते." डिंपलने तेव्हाच शब्द दिला होता. या साऱ्या खटाटोपाचं मूळ तेच होतं. बाकी भूगोल वगैरे नंतरचं.

सासूबाईंसाठी तिने नवे सँडल आणले. देवकाबाईंनी ते खोक्यासकट कपाटात ठेवून दिले. त्यांच्या जुन्या चपलेचा अंगठा दोनदा तुटला होता आणि स्टेशनसमोरच्या मोच्याने तो हिरव्या दोऱ्याने शिवून दिला होता. "नवीन चप्पल चावते. समुदर का माह्या चपला पायनार हाये?" असं त्यांचं म्हणणं.

गाडी रविवारची होती आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिशेला निघणं अशुभ. तिकीट बदलता येईना, आणि देवकाबाईंच्या मनातली अढी सुटेना. मग त्यांनीच जुना तोडगा काढला, परस्थान ठेवायचं. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या वापरातल्या कपड्याच्या तुकड्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधायचं आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. त्या घटकेला माणूस निघाला असं धरतात. मग दहा दिवसांच्या आत, जाता जाता ती पुरचुंडी उचलून पुढे जायचं.

गुरुवारी सकाळी चौघंजण वाजतगाजत म्हणावं अशा थाटात ओळखीतल्या यादोरावांच्या घरी गेले. मुर्रीच्या पश्चिम टोकाचं ते शेवटचं घर, पुढे धानाच्या बांध्या, भाताची शेतं. यादोरावांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, कोनाडा पुसून ठेवला होता. टीनाच्या फ्रॉकची, इंद्रकुमारच्या शर्टाची, डिंपलच्या ओढणीची आणि देवकाबाईंच्या निळ्या काठाच्या लुगड्याची, अशा चार पुरचुंड्या ओळीने बसल्या.

"आता आपन निघालो," देवकाबाई समाधानाने म्हणाल्या. "घरी तं नुसते थांबून राहिलो."

डिंपल हसली. वर्गात ती असल्या गोष्टींविरुद्ध पंधरा मिनिटं बोलत असे, पण सासूबाईंचा उजळलेला चेहरा पाहून तिने ते भाषण गिळलं.

शुक्रवारी एलेनीचा निरोप आला. बेटावर ज्या बाईच्या घरात त्यांनी खोल्या घेतल्या होत्या, ती ही एलेनी. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. समुद्राकडची खोली उघडली आहे. बाईंना आवडली.

दुसऱ्या कुणाला लिहिलेलं चुकून आपल्याकडे आलं, असं डिंपलने धरलं. आम्ही सोमवारी रात्री पोचतो, असं तिने कळवलं. पलीकडून अंगठ्याचं चित्र आलं.

पुढचे दिवस धामधुमीचे होते. उंबराएवढे शेव-लाडू झाले, चिवडा झाला, एलेनीला भेट म्हणून तीन किलो चिन्नोर तांदूळ निवडून ठेवला. बॅगांचं वजन करताना इंद्रकुमार स्वतःच काट्यावर चढला आणि टीनाने त्याला ज्यादा सामान ठरवून खाली उतरवलं. पारा पंचेचाळीसवर होता, कूलर नुसताच घोंघावत होता, तरी घरात कुणी कुरकुर केली नाही.

देवकाबाई मात्र दुपारच्या फार झोपू लागल्या. बारा वाजता पडायच्या त्या थेट चारला उठायच्या, आणि उठल्यावर चेहरा असा ताजा, जणू गार वाऱ्यात बसून आल्या आहेत.

"पायऱ्या अकरा हाये," रविवारी चहा पिताना त्या म्हणाल्या. "सहावी फुटकी हाये. टीनाले सांगून ठेव."

"कुठल्या पायऱ्या, आई?"

"त्या बाईच्या घरच्या. समुदरात उतरते त्या."

एलेनीने पाठवलेल्या फोटोंत निळा दरवाजा होता, लिंबाचं झाड होतं, गच्ची होती. पायऱ्या नव्हत्या. डिंपलने एलेनीला लिहिलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्यांचा फोटो पाठवता का. संध्याकाळी फोटो आला. तिने मोजल्या. अकरा. सहावीचा कोपरा उडालेला होता.

टीनाने फोनवर दाखवलेले त्या घराचे कुठले तरी जुने फोटो म्हातारीने पाहिले असतील, असं तिला वाटलं. टीना नाही म्हणाली. पोरांना काय आठवतं, असं म्हणून डिंपलने विषय संपवला.

सोमवारी दोरीवरून सासूबाईंचं लुगडं काढताना ते पापडासारखं कडक लागलं. काठावर पांढरा थर धरला होता. मुर्रीच्या बोअरचं पाणी जड, हे तर सगळ्यांना ठाऊक. पण त्याच दोरीवरची डिंपलची साडी मऊ होती. शाळेला सुट्टी असली तरी प्रयोगशाळेची किल्ली डिंपलकडेच असे. तिने लुगड्याचा काठ शुद्ध पाण्यात बुडवला, ते पाणी परीक्षानळीत घेतलं आणि मीठ ओळखायचे सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. दुसऱ्या नळीत बोअरचं पाणी घेतलं.

बोअरच्या पाण्यात नुसता धुरकटपणा आला. पहिल्या नळीत दह्यासारखा दाट पांढरा साका खाली बसला.

तिने दोन्ही नळ्या धुऊन उलट्या ठेवल्या. घामातही मीठ असतं, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. रिकाम्या प्रयोगशाळेत ते वाक्य तिला अजिबात पटलं नाही.

मंगळवारी कुरियरने पासपोर्ट आले. चारपैकी तीन पासपोर्टांवर व्हिसा होता. देवकाबाईंच्या पासपोर्टात एक घडी घातलेला कागद होता आणि त्यावर एका चौकोनात फुली होती.

इंद्रकुमारने तो कागद उलटसुलट करून पाहिला. डिंपलला रडू आलं, आणि त्याच वेळी आपल्या पासपोर्टवरचा व्हिसा पाहून झालेला आनंद काही दबेना, याची तिला लाज वाटली.

"काय लिवलं?" देवकाबाईंनी विचारलं.

डिंपलने वाचून सांगितलं. "तुम्ही मुदतीत परत जाल याची खात्री वाटत नाही, असं म्हणतात."

देवकाबाई हसल्या. "साहेब हुशार हाये बाप्पा."

सगळंच रद्द करू, असं इंद्रकुमार म्हणाला. डिंपलही म्हणाली. यावर देवकाबाईंनी ताट बाजूला सरकवलं. तुम्ही जातो म्हणा, मग जेवते. बुधवारी दुपारपर्यंत त्या पाण्यावर राहिल्या, तेव्हा दोघांनी हात टेकले. सहलीच्या दहा दिवसांत देवकाबाईंनी यादोरावांकडे राहावं असं ठरलं.

शकुंतलाबाईंचं म्हणणं एकच होतं. "जाऊन नाई राहिली तं तुमची पुरचुंडी उचला, देवकाबाई. ज्याची त्यानंच उचला लागते. तेच तांदूर शिजवून खा लागते. नाई तं मानूस अर्ध्या रस्त्यातच राहते."

"उचलीन," देवकाबाई म्हणाल्या. "हे तिकून निघतीन, त्या दिवशी मी अठी उचलीन. सोबतच वापस येऊ सारे." मग सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "तोवर राहू दे वो. मी समुदर कधी नाई पायला."

डिंपलने मान डोलावली. तांदळाच्या मुठीने म्हातारीला सुख होत असेल तर आपलं काय जातं? शब्द तर आपणच मोडला होता.

रविवारी दुपारी, स्टेशनला जाताना, ऑटो यादोरावांच्या दारात थांबवला. कोनाड्यातून ज्याने त्याने आपापली पुरचुंडी उचलली. टीनाने, इंद्रकुमारने, शेवटी डिंपलने. उन्हाने तिन्ही खडखडीत वाळल्या होत्या. चौथीला तिचा हात चुकून लागला.

ती ओली होती. गार.

"रोज उन्हात ठेवून राहिली मी," शकुंतलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "संध्याकारी पाहाव तं ओलीच."

डिंपलच्या मनात आलं, ही आत्ता उचलावी आणि सरळ सासूबाईंच्या हातात द्यावी. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. टीना ओरडत होती, आई, गाडी जाईल. डिंपलने हात ओढणीला पुसला आणि बाहेर आली.

देवकाबाईही शकुंतलाबाईंसोबत दुसऱ्या ऑटोने निरोप द्यायला प्लॅटफॉर्मवर आल्या होत्या. मुंबईची गाडी गोंदियातूनच सुटते, म्हणून ती आधीच लागली होती. देवकाबाईंनी टीनाचे मुके घेतले, इंद्रकुमारच्या हातावर दही ठेवलं. चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा फुलला होता. डिंपल पाया पडायला वाकली आणि तशीच थांबली.

फरशी तव्यासारखी तापली होती आणि सासूबाईंचे पाय अनवाणी होते. बोटांची कातडी सुरकुतली होती, पांढरी पडली होती, तासभर पाण्यात राहिल्यासारखी.

"आई, चपला?"

"तठीच राहिल्या, पायरीपाशी." त्या हसल्या. "येताना घेऊन ये."

गाडी हलली. त्या हात हलवत उभ्या होत्या, शकुंतलाबाईंनी त्यांचा दंड धरला होता. त्या दिसेनाशा होईपर्यंत डिंपल पाहत राहिली.

ऑटोच्या पायरीपाशी राहिल्या असतील. दुसऱ्या कुठल्या पायरीपाशी राहणार?

टीना खिडकीला नाक लावून, समुद्र किती वाजता येणार, असं तिसऱ्यांदा विचारत होती. इंद्रकुमारने चिवड्याचा डबा उघडला होता. डिंपललाही हसू येत होतं. काही केल्या ते आवरत नव्हतं. खरंच निघालो आपण.

फोन वाजला. एलेनी. उद्या तुम्ही येता, सगळं तयार आहे. खाली फोटो होता.

अकरा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर पाणी. पाण्याच्या वर, कोरड्या जागी, जोडीने नीट काढून ठेवलेल्या चपला.

डिंपलने दोन बोटांनी फोटो मोठा केला. अंगठा हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता.

तिने शांतपणे टाइप केलं. प्रत्येक अक्षर दोनदा पाहिलं. कृपया त्या चपला सांभाळून ठेवा. परत येताना न्यायच्या आहेत.

उत्तर लगेच आलं.

आत उचलून ठेवते. पण तुमच्या सासूबाई म्हणतात, आता त्या लागणार नाहीत.