कडेची खुर्ची

त्या बुधवारी आम्ही दोघी जावा दुपारच्या खेळाला गेलो, एवढीच खरं तर गोष्ट आहे. लख्ख उन्हात गेलो आणि दिवे लागायच्या आत घरी परत आलो. तरी आज सांगायला बसले, तर आधी उठून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते बघून आले.

धाकटीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, त्या थिएटरात डोअरकीपर होते. अंधार झाल्यावर येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. सारखं कुजबुजत बोलायचं, म्हणून खोकल्याची गोळी कायम गालात. नवा सिनेमा लागला की कामावर निघताना स्वैपाकघराच्या दारात थांबायचे आणि मला विचारायचे, "वहिनी, नेऊ का हिला?"

माझे हात साबणाच्या पाण्यात. हो म्हणावं तर चिडवणार, "बघ गं, वहिनींनाच नकोशी झालीयेस." नाही म्हणावं तर धाकटीचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून मी आपली काही न बोलता भांडी घासत राही. मग तेच म्हणायचे, "गप्प बसलात, म्हणजे हो!" आणि दोघं चपला सरकवून पसार. नऊ वर्षं हे असंच चाललं.

मग एका तापात, आठ दिवसांत, भाऊजी गेले.

धाकटी फारशी रडली नाही. ती नुसती कमी कमी होत गेली. दोन घास, पुरे. विचारलं तर उत्तर, नाहीतर खिडकी. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही, पण अशानं ही फार दिवस काढणार नाही. मला जे येतं ते मी केलं. देवापुढे बसून मौनाचे एकवीस बुधवार बोलले. सकाळी डोळे उघडल्यापासून संध्याकाळी दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मागणं एकच : या पोरीला एकदा पोटातून हसू दे, तिला जगावंसं वाटू दे.

"देव पावेल तेव्हा पावेल," आमचे हे म्हणायचे, "पण माझे बुधवार भलतेच सुखाचे चाललेत."

विसाव्या बुधवारी धाकटी आपण होऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ताई, थिएटर बंद होतंय. आज शेवटचा दिवस. दुपारच्याला जाऊ या?"

वर्षभरात तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. माझे डोळेच भरून आले. मी नुसती मान हलवली. हे म्हणाले, "जा जा. सिनेमाला न बोलणारी शेजारीण मिळायला भाग्य लागतं."

थिएटरात आठ-दहा माणसं असतील नसतील. वर बाल्कनीत तर आम्हीच. खाली फिनेलचा वास होता, वर आलं की गाद्यांचा, ओल धरलेल्या कापसाचा. गालिचा इतका जुना की पावलांचा आवाजच उरला नव्हता. धाकटी सरळ शेवटच्या रांगेत गेली. मी आत, ती माझ्या शेजारी आणि तिच्या पलीकडची, कडेची खुर्ची रिकामी. तिथल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन पाठीला मिटायची, फट्‌. त्या कडेच्या खुर्चीवर पूर्वी भाऊजी येऊन बसत. सगळे प्रेक्षक मार्गी लागले की दहा मिनिटं, बायकोशेजारी.

दिवे मावळले. सिनेमा जुनाच होता, कुणा खलाशाचा. पडद्यावर रात्र होती, म्हणून आमच्याकडेही काही दिसत नव्हतं. मी मनात नाम घेत बसले होते.

थोड्या वेळानं खालून बॅटरीचा गोल उजेड पायऱ्या चढत वर येताना दिसला. सावकाश, एकेका पायरीवर थांबत, मागून येणाऱ्याला पायरी दाखवावी तसा. मागून मात्र कोणी नव्हतं. आमच्या रांगेशी येऊन तो उजेड विझला. धाकटीनं गुडघे जरा माझ्या बाजूला घेतले आणि कडेची खुर्ची करकरली.

उशिरा आलं असेल कोणी, मी मनाशी म्हटलं.

मग धाकटी हसली.

खुदकन, पोटातून. देवा रे, मी तिथंच अंधारात हात जोडले. वीस बुधवार पावले म्हटलं. ती पुन्हा हसली, मग काहीतरी कुजबुजली. "इश्श, गप्प बसा... ताई आहेत ना," असं ऐकू आलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. आणि त्याच वेळी मला वास आला. खोकल्याच्या गोळीचा.

पडद्यावर उजाडलं. समुद्र एकदम पांढरा झाला आणि त्या उजेडात मी वाकून पलीकडे पाहिलं. खुर्चीची बैठक खाली होती. गादी मधोमध दबलेली होती. वर कोणी नव्हतं.

"वहिनी..."

आवाज अगदी हळू. प्रेक्षकांना त्रास होऊ नये, असा.

"वहिनी, नेऊ का हिला?"

धाकटीनं शाल खांद्यावर घेतली, पायानं चाचपून चपला शोधल्या. तिचा चेहरा मी वर्षभरात एवढा सुखी पाहिला नव्हता. मी तिचं मनगट धरलं. ते बर्फासारखं होतं आणि त्यात वजनच नव्हतं.

विसावा बुधवार. दिवा लागायला अजून दोन-अडीच तास. एक शब्द काढला की सगळं पाण्यात, आणि ज्या हसण्यासाठी हे केलं ते हसणं मी आत्ता या कानांनी ऐकलेलं. पण गप्प राहिले, तर त्या गप्पपणाचा अर्थ भाऊजी काय घेणार, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? मी मान जोरजोरात हलवली. अंधार पुन्हा दाटला होता. मान कोणाला दिसणार?

धाकटी उठली. तिची बैठक माझ्या कोपराशी मिटली, फट्‌.

"गप्प बसलात..." तो आवाज म्हणाला. हसतच म्हणाला, पूर्वीसारखा.

"नका!" मी ओरडले. सकाळपासून न वापरलेला माझा आवाज, तो माझा मलाच ओळखू येईना. "नका नेऊ तिला, भाऊजी! मी नाही म्हणतेय!"

खालून कोणीतरी खेकसलं, "ओ बाई, घरी जाऊन भांडा!"

धाकटी मटकन खाली बसली आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. वर्षभराचं सगळं रडणं. तिच्या मनगटाला हळूहळू ऊब येत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. वाचली, वाचली, एवढंच मनात. मग मोडलेल्या व्रताची आठवण झाली. देवा, चुकले, पण उरलेला वेळ तरी पाळते, असं म्हणून मी डोळे मिटले, ओठ घट्ट मिटून घेतले.

तेव्हा पलीकडून आवाज आला. थकलेला, समजूतदार.

"बरं, वहिनी... मग मीच येऊ का घरी?"

काय विचारलं, ते माझ्या ध्यानात यायला दोन श्वास लागले असतील. दोनच. मी तोंड उघडलं तोवर कडेची खुर्ची मिटली होती.

मध्यंतर झालं तशा आम्ही निघालो. वाटेत धाकटी म्हणाली, "ताई, भूक लागलीय." फुटपाथ चांगला रुंद होता, तरी ती अगदी भिंतीला घासून चालत होती. तिच्या आणि माझ्या मध्ये एका माणसाची जागा सुटलेली. मी दोनदा तिच्याजवळ सरकायला गेले. दोन्ही वेळा मला जमलं नाही.

त्याला आता चार महिने झाले. धाकटी पोटभर जेवते. गालांवर रंग आलाय, भांडी घासताना गुणगुणते. डॉक्टर खूश आहेत, घरातले खूश आहेत. मागितलं ते देवानं दिलं, मी रोज हात जोडून तसं सांगते आणि ते खरंच आहे. एकविसावा बुधवारही मी पाळला.

फक्त एक आहे. ट्रंकेतले भाऊजींचे शर्ट तिनं बाहेर काढलेत. आठवड्याला दोन भिजवते. त्यात काही वावगं नाही, माणूस गेलं की कपड्यांचाच आधार वाटतो. काल तिला बरं नव्हतं, म्हणून बादली मी घेतली. शर्ट उलटा केला, साबण लावला आणि ब्रश हातात तसाच राहिला. कॉलरच्या आतल्या बाजूला मळाची रेघ होती. ताजी, दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसाच्या मानेची असते तशी.

मी ती घासली. काय करणार? घासली, तर पाणी काळं झालं.