मागचं डावं दार

जयराम, तू परवा ती गाडी बघायला म्हापशाला जाणार म्हणालास ना? जा, बघून ये, मी अडवत नाही. मोटारींचं वेड या घरात मीच आणलं, तेव्हा तुला कुठल्या तोंडानं नको म्हणू? पण आज वीज गेलीच आहे. चहा होईपर्यंत सगळे इथं सोप्यावर बसा आणि गौरेशची गोष्ट ऐका. मग गाडी घ्यायची की नाही, ते तुझं तू ठरव.

गौरेश म्हणजे वरच्या वाड्यावरच्या, त्या वरच्या वस्तीतल्या, विनिताबाईंचा मुलगा. तुयेला औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. साखळीहून तुये म्हणजे रोजची लांबची फेरी, त्यात त्याची कायमची दुसरी पाळी. त्यानं गाडी घ्यायचं ठरवलं ते चुकीचं नव्हतं. पण रोज कामावर जायला माणसानं गाडी घ्यावी कशी? खड्डे सोसणारी, चार माणसं पोटात घेणारी. ह्यानं आणली शर्यतीची घोडी.

पेडण्याचा प्रशांत बोटीवर नोकरीला लागला, त्याला ती विकून मोकळं व्हायचं होतं. लांबलचक काळी सेडान. आखूड स्प्रिंगा घालून जमिनीलगत बसवलेली, चाकं रुंद, टर्बोला जादा जोर दिलेला, आणि सायलेन्सर असा की डिचोलीत सुरू केली तर साखळीतली कुत्री भुंकावीत. गौरेश आमच्या साईशला घेऊन बघायला गेला. साईश माझा मुलगा, गॅरेज त्याचंच, त्यामुळे ही सगळी हकिगत आमच्या डोळ्यांदेखत झाली. साईश गाडीखाली आडवा पडला, उठला, आणि हात पुसत म्हणाला, "इंजिन सोन्यासारख्या आसा. पण पोट जमनीक टेकलाहा. एकटो असशीत तर रस्त्यावरच्या हंपावरसून सुटात. मागे कोण बसलो काय घासलीच म्हणून समज."

"मागे बसतलो कोण?" गौरेश हसून म्हणाला. "मी एकटोच तर जातंय कामाक."

गाडी दारात आली तेव्हा विनिताबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "गाडी हाडलंस काय विहीर रे? बसाक खाली उतरूचा आणि भायर येवक दुसऱ्यान हात दिवचो!" सगळा वाडा हसला. गौरेशही हसला.

मग रीतीप्रमाणे गाडी गावाच्या राखणदार देवाच्या स्थळावर नेली. नारळ ठेवला, हार घातला. गाऱ्हाणं घालायचा मान पांडुरंगकाकांचा. काका वाड्याचे जुने मानकरी, वय साठीच्या पुढचं, आणि तुयेलाच दुसऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार. त्यांनी हात जोडले आणि आवाज चढवला, "बा म्हाराजा! ह्या लेकरान गाडी हाडलीहा. ह्या गाडयेत जो कोण बसात, तेका सुखरूप घराक पावय रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" गौरेश सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

पाळीची वेळ जमली की गौरेश काकांना बरोबर आणायचा. पुढच्या खोल सीटवरून उठताना काकांचा गुडघा धरायचा, म्हणून ते मागं डाव्या बाजूला बसायचे. आणि मागं कुणी बसलं की काय व्हायचं, ते साईशनं सांगितलंच होतं. उंच हंप, म्हणजे गतिरोधक, आला की गौरेश म्हणायचा, "काका, जरा उतरा मां." काका छताला धरून उतरायचे, पाय ओढत हंपापलीकडे जायचे आणि पुन्हा बसायचे. आपण हवा करायला खाली बसवलेली गाडी घ्यायची आणि म्हाताऱ्याला रस्त्यानं चालवायचं! पहिल्यांदा गौरेशला लाज वाटली. मग सवय झाली, आणि सवय झाली की लाज सुटते. पुढं पुढं तर सांगावंही लागेना. गाडी मंदावली की काका आपणहून दार उघडायचे. "लागाक नको रे झिला, तुझ्या गाडयेक," म्हणायचे.

आता ती रात्र. मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. दुसरी पाळी सुटली, पण काकांच्या जागी येणारा माणूस उशिरा आला आणि त्यांची बस चुकली. गौरेशनं त्यांना फाटकावरूनच गाडीत घेतलं. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. थंडी मरणाची, काकांनी कानांवरून मफलर बांधलेला. अस्नोडा गेलं, शिरगाव मागं पडलं. खाणीचा रस्ता येऊन मिळतो तिथं ट्रकांसाठी घातलेला उंच हंप आहे, शेजारी ओहोळावरच्या मोरीचा कठडा. गाडी मंदावली. काका उतरले. गौरेशनं गाडी तिरकी घालून हंप पार केला आणि पलीकडे थांबला.

तेवढ्यात मागून तसलीच एक गाडी आली. दिवे मारले, शेजारी येऊन इंजिन गुरगुरवलं आणि सुटली.

गौरेशचा पाय आपोआप दाबला गेला. तो म्हणतो, पायानं मला विचारलंच नाही. टर्बो किंचाळला, रस्ता मोकळा… डिचोली यायच्या आत त्यानं त्या गाडीला मागं टाकलं. छाती नुसती फुगली होती. त्यानं हसत मागं मान वळवली, "काका, बघितलास मां?"

सीट रिकामी होती.

तो तेव्हाच वळला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती, पोरांनो. पण त्याला लाज वाटली. काय तोंड दाखवू? शर्यत लावली आणि तुम्हांला विसरलो म्हणू? खाणीचे ट्रक चालू असतात, कुणीतरी घेईल त्यांना, असं मनाशी म्हणत तो घरी आला आणि पांघरूण ओढून पडला. झोप लागली नाही. तरी उठला नाही.

पहाटे एका ट्रकवाल्याला काका दिसले. मोरीच्या कठड्यावर बसलेले, तोंड डिचोलीच्या दिशेला. वाट बघणारा माणूस बसतो तसे. अंग थंडगार. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. लोक म्हणाले बस चुकली, चालत निघाले असणार. गौरेशनं खांदा दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. लक्ष्मीकाकी, त्यांची बायको, त्याचा हात धरून रडली. "तू तरी त्या राती गावलंस असतंस तेंका, तर घराक हाडलंस असतंस रे."

तो हात सोडवून घेताना आपण चोर झालो, असं तो मला म्हणाला.

काकांचं तेरावं झालं. गौरेशची पाळी चालूच होती. रात्री परतताना त्याच हंपाशी गाडी मंदावली आणि समोरच्या फळीवर, वेगाच्या काट्याजवळ, एक लाल दिवा लागला. मागचं डावं दार उघडं असल्याचा.

मानेवर गार वारा आला.

मग दिवा विझला. मागं दार लागल्याचा आवाज… हलकेच. सावकाश माणूस लावतो तसा. गाडीचा मागचा भाग बोटभर वर उचलला गेला. गौरेशनं मागं न बघता हंप ओलांडला आणि जी गाडी सोडली ती वाड्यावर येऊनच थांबवली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात आला. साईशनं दाराचं बटण बदललं. त्या रात्री पुन्हा दिवा. साईशनं आतली सगळी वायर बदलली. पुन्हा दिवा. एका रात्री गौरेशनं धीर केला. हंपाच्या अलीकडे गाडी बंद केली, दिवे मालवले. काच खाली घेतली. ऐकत राहिला.

दिवा लागला.

दिवा विझला.

मग पावलं. गाडीच्या डाव्या अंगानं… एक पाऊल नीट. एक ओढलेलं. पुढं गेली. हंप चढली. उतरली. आणि पलीकडे, कठड्यापाशी… थांबली.

दिसत काही नव्हतं.

नुसतं कळत होतं, तिथं कुणीतरी उभं आहे. गाडी पुढं यायची वाट बघत.

गौरेशनं गाडी सुरू केली, डोळे मिटल्यासारखा हंप पार केला आणि… पळाला. घरी आल्यावर त्याला उमगलं. काका रोज रात्री उतरत होते, गाडीला लागू नये म्हणून. आणि आपण रोज रात्री त्यांना तिथंच टाकून येत होतो.

सकाळी तो लक्ष्मीकाकीच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. शर्यत, लाज, पांघरूण, सगळं. काकी फणसाच्या झाडाकडे बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणतो. ती म्हणाली,

"ते रागान येणत नाय. रागावलेलो माणूस दार हळू लावना नाय." मग तिनं प्रथमच त्याच्याकडे बघितलं. "गाऱ्हाण्याक व्हय म्हाराजा म्हणालंस ना रे तू? मगे हाड तेंका घराक."

त्या रात्री पाळी सुटल्यावर गौरेश पांडुरंगकाकांच्या फाटकावर थांबला. मागचं डावं दार उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं, लावलं. वाटेत मागं वळून बघितलं नाही. हंप आला. त्यानं गाडी थांबवली.

लाल दिवा लागला.

"काका…" तो समोर बघतच म्हणाला. "काका, उतरू नकात. बसान रवा. घासली तर घासांदे."

काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

दिवा तसाच.

"माजा चुकला ओ, काका…"

दार लागलं. दिवा विझला. गाडी मात्र वर उचलली गेली नाही.

त्यानं गाडी हंपावर घातली. आणि पोट घासलं… पुढून मागपर्यंत. लोखंड दगडावर ओढावं तसा आवाज, दात शिवशिवले. एकट्यानं चालवताना ही गाडी तिथं कधीच घासली नव्हती. गौरेश रडत होता. "घास," म्हणत होता, "घास, आणखी घास." वाड्यापर्यंत जेवढे हंप होते, त्या प्रत्येकावर ती तशीच घासत आली.

लक्ष्मीकाकीच्या दारातला दिवा चालू होता. ती चौकटीत उभी होती. गौरेश उतरला, वळसा घालून गेला आणि स्वतःच्या हातानं मागचं डावं दार उघडलं. थोडा वेळ गेला. मग स्प्रिंगांनी उसासा टाकला आणि गाडी वर आली.

काकी चौकटीत बाजूला झाली. कुणाला आत जायला वाट द्यावी तशी. मग गौरेशकडे न बघता तिनं दार लावून घेतलं.

सकाळी गाडी आमच्या गॅरेजात. गौरेशचे डोळे सुजलेले. "सायलेन्सर गेलो असतलो, खाली सगळा फाटला असतला," म्हणाला. साईशनं गाडी वर उचलली, आम्ही दोघं हातातली बॅटरी लावून खाली शिरलो. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. खाली मारलेला काळा रंग जसाच्या तसा. ओरखडा नाही. धूळसुद्धा पुसली गेलेली नाही.

मग मी गौरेशला स्कूटरवर मागं बसवून शिरगावच्या हंपावर घेऊन गेलो. मला वाटलं, पोराला भास झाला असेल. पण हंपाच्या डांबरावर चर पडली होती. ताजी, हातभर लांब, बोट रुतेल एवढी खोल. खालची खडी उघडी पडली होती.

गौरेश त्या चरेशेजारी मटकन बसला. दोन्ही बाजूंनी ट्रक खोळंबले, हॉर्न वाजायला लागले, तरी उठेना. चरेवरून हात फिरवत राहिला.

"काकांनी गाडयेक लागाक दिला नाय. घासाक होयी हुती ओ मामा," तो मला म्हणाला. "तेवढा तरी माज्या वाट्याक येवक होया हुता."