कुर्कीसुओचा ठिपका

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळणारी बाई. भुतंखेतं रचत बसायला मला वेळ नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय... आणि अजून संपलेलं नाही.

जागा, फिनलंडमध्ये कुहमो गावाच्या पलीकडची कुर्कीसुओ दलदल. ऑक्टोबरमधला रविवार.

भर दुपार होती.

माझा धाकटा भाऊ इल्पो. त्याला जिओकॅशिंगचं वेड. रानात डबा लपवायचा, जागेचे आकडे नेटवर टाकायचे, मग बाकीच्यांनी फोन घेऊन तो शोधायचा. मोठ्या माणसांची लपाछपी, दुसरं काय! पण त्याच्या आधीच्या डब्याच्या नेटवरच्या पानाखाली कुणीतरी लिहिलं होतं, "जागा साफ चुकलीय. आधी फोन वापरायला शिका." ते त्याला फार झोंबलं होतं.

"ह्या वेळी बघच तू, ताई. एक वीतसुद्धा चुकणार नाही."

"चाळिशी आली तुझी. डबे कसले लपवतोस? एखादी बायको शोध."

"तिचे आकडे दे, लगेच शोधतो!"

गाडीपाशी आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस, चुकून गोळी लागू नये म्हणून दोघांनी नारिंगी जाकिटं घातली होती. शिकारीवाले वापरतात तसा एकेक वॉकीटॉकी जवळ होता.

कुर्कीसुओवरून फळ्यांची वाट जाते. फळी सोडली की माणूस आत गेलाच. हे इथल्या लहान पोरांनाही माहीत असतं.

इल्पोची पद्धत ठरलेली. फोन मोकळ्या आकाशाखाली खुंटावर ठेवायचा. हात लावायचा नाही. आपण बाजूला व्हायचं, कारण अंगाच्या आडोशानेही जागा चुकते. फोन पुन्हा पुन्हा मोजतो आणि सरासरी काढतो. नकाशावर आपल्या ठिपक्याभोवती जे निळं वर्तुळ दिसतं ना, तेवढी चूक असू शकते. ते जितकं आवळत जाईल तितकी जागा पक्की. आधी जागा मोजायची, डबा मग आणायचा.

मी गाडीपाशीच थांबले. माझ्या फोनवर त्याचा ठिपका दिसत होता. वर्तुळ केवढं आहे ते मी वॉकीटॉकीवर सांगायचं, एवढंच माझं काम.

"बारा मीटर."

"हं."

"सहा... आता तीन."

"बास! साधा फोन ह्याच्या खाली जात नाही. छान झालं."

पण आकडा खाली गेला.

दोन.

एक.

मग वर्तुळच नाहीसं झालं. नुसता ठिपका राहिला...

आणि तो हलला.

"इल्पो, फोन उचललास का?"

"छे. हा काय, समोर खुंटावर आहे."

ठिपका फळ्या सोडून दलदलीत निघाला होता. सावकाश. माणूस चालतो तसा.

इतका वेळ लांबवर शिकाऱ्यांची कुत्री भुंकत होती. ती कधी गप्प झाली, मला कळलंच नाही. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

ठिपका काळ्या पाण्यापाशी थांबला.

"ताई..." इल्पो हसत होता. "गाडीपाशी थांब म्हटलं होतं ना? तिकडे कशी पोचलीस?"

"कुठे?"

"ही काय, समोर उभी आहेस. जाकीट दिसतंय की! हात काय करतेस?"

मी बटण दाबून ओरडले, "इल्पो, मी गाडीपाशी आहे! फळी सोडू नको!"

"हो गं, येतो. घट्ट आहे म्हणतेस ना जमीन? मग आलोच."

मी तसं म्हटलंच नव्हतं.

मी ओरडत राहिले. तो उत्तरं देत राहिला... माझ्या बोलण्याला नाही.

मी फळ्यांवरून पळत सुटले. खुंटावर त्याचा फोन होता. अजून मोजत होता. इल्पो नव्हता. हाक नाही, पाण्यावर बुडबुडा नाही. शेवाळावर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

अग्निशमनवाले आले, हेलिकॉप्टर आलं. शोधायला आणलेल्या कुत्र्यांनी फळी सोडली नाही. काही दिवसांनी सगळे परत गेले. माझा एकुलता एक भाऊ, आणि मी फोनमध्ये बघत उभी होते. काय करू शकले असते? रोज विचारते स्वतःला.

पोलिसांनी त्याचा फोन परत दिला. तो माझ्या कपाटात बंद पडलाय. शेजारी त्याचा रिकामा डबा.

तरी मे महिन्यात नेटवर इल्पोच्या नावाने नवा डबा जाहीर झाला. जागा, कुर्कीसुओचं काळं पाणी. खाली त्याच्याच थाटात लिहिलेलं, "एक वीतसुद्धा चुकणार नाही."

मी हातापाया पडून ते पान काढायला लावलं. ते पुन्हा आलं. पुन्हा काढलं... पुन्हा आलं.

म्हणून मी दर रविवारी फळ्यांच्या तोंडाशी उभी राहते. फोन घेऊन येणाऱ्यांना परत पाठवते. काही हसतात, काही चिडतात, पण जातात. माझं नारिंगी जाकीट मी केव्हाच जाळून टाकलं. साधा करडा कोट घालते.

गेल्या रविवारी एक तरुण जोडपं आलं. मी त्यांना अडवलं. पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"पण मावशी, तुम्ही दोघं आत्ताच तिकडून हात करत होतात ना?"

"दोघं?"

"तुम्ही आणि ते काका. नारिंगी जाकिटं घातलेले." तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "ते बघा, अजून करतायत..."

मी वळले नाही. दोघांना दंडाला धरून त्यांच्या गाडीत बसवलं. पण गाडी जाईपर्यंत मी डोळे गच्च मिटून उभी होते. भीतीने नाही. मला वळून बघायचं होतं. एकदाच. माझा इल्पो हात करतोय म्हणे.

माझ्या फोनवर त्याचा ठिपका अजून आहे. मला पुसवत नाही.

उद्या पुन्हा रविवार. येईल त्याला मी अडवीन...

मला अडवायला तिथे कुणी नसतं.